मागचे जादा लाईट फडफडतात, मधेच जातात, पाणी धरतात: दिवा बदलायच्या आधी हे तपासा

रिव्हर्स घेताना मागचं दिसावं म्हणून बाहेरून बसवलेल्या दिव्यांबद्दल बोलतोय. आधी लक्षणं सांगतो. तुमची गाडी यातल्या कशात बसते ते बघा.

- रिव्हर्स टाकला की मागचे जादा दिवे लागतात, पण खड्ड्यात गाडी आपटली की फडफडतात. कधी एकच जातो आणि मागचं दार जोरात लावलं की परत येतो.
- ब्रेक दाबला किंवा इंडिकेटर दिला की जादा दिवा त्याच तालावर कमीजास्त होतो. किंवा उलटं, जादा दिवा लावला की कंपनीचा टेललॅम्प बंद असूनही मंद जळायला लागतो.
- दोन्ही दिवे एकाच खोक्यातले, तरी एक लख्ख आणि एक मरगळलेला.
- बटण बंद आहे, चावी काढलेली आहे, तरी अंधारात बघितलं तर दिव्यात काजव्याएवढा उजेड दिसतो.
- सात-आठ मिनिटं झकास चालतो, मग मंद किंवा बंद, थोडं थांबलं की परत चालू.
- फ्यूज जातो, पण रोज नाही. मागचं दार उघडताना नाहीतर ओढ्यातून गेल्यावरच.
- हाताने बटण दाबून दिवा लावला की गाडी पुढे चाललेली असताना स्क्रीनवर रिव्हर्स कॅमेरा उघडतो.
- काचेच्या आत वाफ, एफएमला खरखर, सकाळी बॅटरी बसलेली.

मी कराडचा. आमच्या ओळखीतल्या थार, जुन्या जिप्सी, जिम्नी आणि शेतावर जाणाऱ्या बोलेरो, या गाड्यांचे मागचे दिवे दर पावसाळ्यात माझ्याकडे येतात आणि तक्रार वरच्यापैकीच एखादी असते. दहातल्या सात-आठ वेळा दिवा चांगला असतो, खराब असतं ते अर्थिंग, म्हणजे मायनसची वायर गाडीच्या धातूला जोडलेली जागा. हे लिहायचं कारण एवढंच की लोक दिवा बदलतात, पुन्हा तोच त्रास, पुन्हा दुसरा महागडा दिवा. एका मित्राने अशा दोन जोड्या बदलल्या आणि शेवटी दोष निघाला बोल्टखालच्या रंगात.

माझ्या गाडीला हे पहिल्यांदा झालं ते कुंभार्ली घाटात, जुलैमध्ये, चिपळूणकडून वर येताना. वळणावर झाडाची मोठी फांदी आडवी पडलेली, पाऊस असा की वायपर पुरेना, आणि मागे रुंद जागा शंभरेक मीटरवर. एका बाजूला दरी. रिव्हर्स टाकला, दोन्ही दिवे लागले, मागचा रस्ता स्वच्छ दिसला, मी ब्रेकवर पाय ठेवला आणि दिवे गेले. पाय काढला की आले. शेवटी शेजारच्याने खाली उतरून टॉर्च धरली, तेव्हा गाडी मागे आली. दुसऱ्या दिवशी गाडीखाली झोपून बघितलं तर मायनसची वायर थिंबल (टोकाला लावायची धातूची कडी) लावून बंपरच्या बोल्टला कसलेली होती, बंपरवर काळं पावडर कोटिंग तसंच. थिंबलच्या कडेला हिरवट भुकटी साचली होती, नखाने खरवडली तर तिच्याबरोबर तांब्याच्या तीन-चार तारा पण गळून पडल्या. दिवे ज्या दुकानात बसवले त्यांनी पैसे पूर्ण घेतले होते आणि रंग खरवडायची दोन मिनिटं वाचवली होती. याचा मला आजही राग आहे, कारण हा दिवा लोक शोभेसाठी लावत नाहीत, मागे दरी असताना दिसावं म्हणून लावतात.

पुढच्या दिव्यांना एवढा त्रास नसतो, मागच्यांनाच का, ते पण समजून घ्या. चौकोनी पाठीची गाडी पळते तेव्हा मागे हवेची पोकळी तयार होते आणि धूळ त्यात ओढली जाते, म्हणून जिप्सीची मागची काच कायम मळलेली. वरून मागच्या चाकांचा चिखल. बॅटरी पुढे, दिवा मागे, म्हणजे चार-पाच मीटर वायर चेसिसच्या कडेने, कुठे सायलेन्सरजवळून, कुठे दाराच्या बिजागरीतून. एवढ्या वाटेत कमकुवत जागा निघणारच.

आता तपासणी. क्रम मोडू नका, कारण पहिल्या पाच गोष्टींना जवळजवळ काही खर्च नाही आणि बहुतेक गाड्या तिथेच सुटतात.

धुवा आणि बघा

दिवा, त्याचे मागचे पंख, ब्रॅकेट, कपलर (वायरींचा काढता-लावता येणारा जोड), सगळं साध्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, सीलमधून पाणी आत घालायचा तो हमखास मार्ग. मागचे पंख महत्त्वाचे. एलईडीची उष्णता काचेतून जात नाही, मागच्या ॲल्युमिनियममधून जाते, आणि पंखांत लाल माती भरून वाळली की दिवा आतल्या आत तापतो. बऱ्याच दिव्यांत तापल्यावर करंट कमी करणारं सर्किट असतं, ते आपलं काम करतं आणि आपल्याला वाटतं दिवा बिघडला. सात-आठ मिनिटांनी मंद होणाऱ्या दिव्याचं मला सगळ्यात जास्त सापडलेलं कारण हेच. दुसरं म्हणजे दिवा सायलेन्सरच्या तोंडाजवळ बसवलेला असणं. तिथून वीतभर बाजूला घ्या, प्रश्न मिटतो.

डावा उजवीकडे लावा

दोन दिवे आहेत आणि एकच त्रास देतोय, तर कपलर काढा आणि अदलाबदल करा. दोष दिव्याबरोबर गेला तर दिवा खराब. दोष त्याच बाजूला राहिला तर वायरिंग. पाच मिनिटांचं काम, पाना सुद्धा लागत नाही, आणि कित्येक लोक हे न करता नवीन दिवा मागवतात. कपलर काढलाच आहे तर आतल्या पिना बघा, काळ्या किंवा हिरव्या झाल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जुन्या टूथब्रशने घासा. कपलर नसेल, नुसत्या वायरी पिळून टेप मारलेली असेल, तर तो जोड आत्ताच उघडा. टेपच्या आत पाणी शिरतं पण बाहेर यायला वाट नसते.

फ्यूज

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून चालत नाही. मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं यंत्र) तीन-चारशेत येतो, तो घ्याच, पुढे पण लागणार आहे. दिवा चालू ठेवून, मीटरची काळी दांडी बॅटरीच्या मायनसला धरून, लाल दांडीने फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांचे व्होल्ट मोजा, दोन्हीकडे जवळजवळ सारखा आकडा पाहिजे. फरक दिसला तर फ्यूज नाहीतर होल्डरची पकड ढिली. होल्डरचं प्लास्टिक वितळून पिवळं पडलं असेल तर पकड तापत होती असं समजा आणि होल्डर बदला.

किती अँपिअरचा, यावर गोंधळ फार. १८ वॅटचे दोन दिवे म्हणजे ३६ वॅट, गाडी चालू असताना साधारण साडेतेरा व्होल्ट धरले तर २.७ अँपिअर. त्याला ५ चा फ्यूज बास, फार तर साडेसात. खोक्यावरच्या वॅटवर मात्र विश्वास ठेवू नका, स्वस्त दिव्यांवर वाटेल तो आकडा छापलेला असतो, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लावून खरा करंट मोजा. जुने ५५ वॅटचे हॅलोजन दोन असतील तर मात्र आठ-नऊ अँपिअर जातात, तिथे १५ लागेल आणि वायर पण जाड लागेल. फ्यूज दिव्याला नाही, वायरला वाचवतो. म्हणून तो बॅटरीपासून वीतभरात असला पाहिजे, मागे दिव्याजवळ नाही, कारण चेसिसला वायर घासून चिकटली तर फ्यूजच्या अलीकडच्या वायरला कोण वाचवणार? आणि ५ चा गेला म्हणून २० चा टाकला असं कोणी सांगितलं की मला धडकी भरते. बारीक वायरला २० चा फ्यूज म्हणजे आधी वायर जळणार, मग फ्यूज.

वायर हलवून बघा

दोघं पाहिजेत. दिवा चालू, एकाने मागे उभं राहायचं, दुसऱ्याने दिव्यापासून पुढे पुढे वायर हाताने हलवत जायचं, जोड दिसला की दाबायचा, ओढायचा. जिथे हात लागल्यावर दिवा फडफडतो तिथे थांबा. मागच्या दाराशी आलात की सावकाश दार उघडा, लावा, परत उघडा. बोलेरो, जिम्नी, थार, या सगळ्यांचं मागचं दार बाजूला उघडतं, त्यावर स्टेपनी, आणि पुष्कळांनी दिवे दारावर किंवा स्टेपनीच्या कॅरिअरवर लावलेले असतात. म्हणजे वायर बिजागरीपाशी दररोज वाकते. वरून रबर धडधाकट दिसतं आणि आत तांबं तुटलेलं असतं. ओळखायची खूण: वायर दोन्ही हातांत धरून हलकेच ओढा, तुटलेल्या जागी ती रबरबँडसारखी ताणते आणि बारीक होते. चांगली वायर ताणत नाही. तुटलेली सापडली तर तिथल्या तिथे जोडू नका, महिन्याभरात परत तुटेल. वीत-दीड वीत तुकडा काढा, बारीक तारांची मऊ वायर घाला, जोड बिजागरीपासून दूर घ्या आणि दार पूर्ण उघडल्यावरही वायरला झोळ राहील एवढी ढील ठेवा. दार उघडताना फ्यूज उडतो त्याचं कारणही इथेच, सोललेली वायर पत्र्याला टेकते.

अर्थिंग, म्हणजे खरा आरोपी

इथे जरा वेळ द्या.

आधी मीटरशिवायची चाचणी. तीन-चार मीटर चांगली वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं टोक दिव्याच्या मायनसच्या जोडाला टेकवा. दिवा एकदम खुलला, फडफड थांबली, तर दोष अर्थिंगमध्ये, पुढे शोधायचं कारण नाही. ही वायर चुकून प्लसला लावू नका, मोठी ठिणगी पडेल.

मीटर असेल तर त्याहून पक्कं कळतं. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी दांडी बॅटरीच्या मायनसला, लाल दांडी दिव्याच्या मायनस वायरीला, आणि दिवा चालू पाहिजे, हे विसरू नका. वायर पुरत नसेल तर कुठलीही बारीक वायर जोडून लांब करा, मीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही त्यामुळे तिची जाडी बघायची गरज नाही. आकडा ०.१ च्या आत आला तर उत्तम, ०.२ पर्यंत चालेल, ०.५ च्या वर गेला तर अर्थिंग उघडायचंच. मग कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. आकडा उडी मारून वर गेला तर तुमच्या दिव्याचा आणि ब्रेकलाईटचा मायनस एकाच खराब जागेतून चाललाय. ब्रेकबरोबर जादा दिवा मंद होतो तो यामुळे, आणि करंटला घरी, म्हणजे बॅटरीच्या मायनसला, जायला नीट वाट नसल्यामुळे तो शेजारच्या बल्बमधून उलटा जातो, म्हणून टेललॅम्प भलत्या वेळी जळतो.

बऱ्याच जणांची फसगत होते ती बीपमुळे. मीटर कंटिन्युटीवर (वायर सलग आहे का ते बीप देऊन सांगणारी सेटिंग) ठेवला, बीप वाजला, अर्थिंग ओके म्हणून सोडून दिलं. अहो, पन्नास तारांपैकी एक जरी टेकलेली असली तरी बीप वाजतो! मीटर अगदी नगण्य करंट पाठवतो, तेवढा एका तारेतून आरामात जातो. दिव्याचे तीन अँपिअर तिच्यातून जात नाहीत. म्हणून दिवा चालू ठेवून व्होल्ट मोजायचे, बीपवर जायचं नाही.

अर्थिंग कुठे द्यायचं नाही ते आधी: दाराला नाही, कारण करंटला ग्रीस भरलेल्या बिजागरीतून जावं लागतं. स्टेपनीच्या कॅरिअरला नाही. पावडर कोटिंगच्या बंपरला नाही. आणि थार, जिप्सी, बोलेरो, जिम्नी, या सगळ्या चेसिसवाल्या गाड्या आहेत, म्हणजे बॉडी चेसिसवर रबराच्या माउंटवर बसलेली असते. बॉडी आणि चेसिस यांच्यात वीज जाते ती कंपनीने दिलेल्या अर्थच्या पट्टीतून, माउंटमधून नाही. जुन्या जिप्सीत ती पट्टी गंजून तुटलेली असते आणि मालकाला पत्ता नसतो, मग चेसिसला दिलेलं सुंदर अर्थिंगही फसतं. ती पट्टी एकदा वाकून बघाच.

कुठे द्यायचं: कंपनीने मागच्या टेललॅम्पसाठी दिलेला अर्थचा बोल्ट सापडला तर एलईडीच्या दोन दिव्यांना तो पुरतो. त्याहून चांगलं म्हणजे प्लसच्या जाडीचीच मायनसची वायर पुढपर्यंत आणणं, मी आता हेच करतो, पाच मीटर वायरीने काही बिघडत नाही. फक्त बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असेल तर टर्मिनलला थेट जोडू नका, तिथून निघालेली जाड केबल जिथे बॉडीला कसलेली आहे तिथे जोडा. नाहीतर त्या सेन्सरला तुमच्या दिव्याचा करंट दिसत नाही आणि बॅटरीचा त्याचा हिशोब चुकतो.

जोडायची पद्धत पण सांगतो. थिंबलच्या आकाराएवढा रंग पॉलिश पेपरने घासा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. थिंबल पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंग टूलने दाबा, आणि आतून गोंद सुटणारी स्लीव्ह गरम करून चढवा. खाली दातेरी वॉशर. बोल्ट कसल्यावर वरून रंग किंवा व्हॅसलीन. क्रम हाच, आधी धातूला धातू, मग वरून पाणी अडवायचं. सोल्डर करायचा मोह होतो, पण सोल्डर वायरीत वर चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा कडक होतो, ऑफरोडच्या हादऱ्याने वायर बरोबर त्याच्या कडेला तुटते.

प्लसची वायर आणि तिची जाडी

अर्थिंग ठीक निघालं तर आता प्लस. काळी दांडी दिव्याच्या मायनसला, लाल दिव्याच्या प्लसला, इंजिन चालू, दिवा चालू. मग तेच बॅटरीवर. दोन आकड्यांत अर्धा व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. अर्धा चौरस मिलिमीटरची वायर पाच मीटर घेतली तर तीन अँपिअरलाच अर्धा व्होल्ट खाते, आणि हॅलोजनच्या नऊ अँपिअरला दीड व्होल्टच्या वर. दीड चौरस मिलिमीटरची घेतली की तोच खर्च एक तृतीयांश. एलईडीला दीड आणि हॅलोजनला अडीच, मी याच्या खाली जात नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा कुठल्याही चांगल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात गाडीची मऊ वायर मीटरवर मिळते, घरच्या फिटिंगची कडक वायर चेसिसवर वापरू नका.

हॅलोजनवाल्यांना दोष लवकर कळतो, व्होल्ट कमी पडले की बल्ब पिवळा होतो. एलईडी असा इशारा देत नाही. आत ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) असतो, साधारण १० ते ३० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो व्होल्ट कमी झाले तर जास्त करंट ओढून उजेड तेवढाच ठेवतो. म्हणजे जोड अजून तापतो, अजून खराब होतो, आणि एक दिवस व्होल्ट हद्दीच्या खाली गेले की दिवा लुकलुकून बंदच पडतो. कालपर्यंत लख्ख होता, आज अचानक गेला, असं लोक सांगतात ते यामुळे. अचानक काही झालेलं नसतं.

रिले आणि रिव्हर्सची वायर

रिव्हर्सच्या वायरीवरून थेट जादा दिवे पेटवलेले असतील तर ते आधी काढा. ती वायर एक-दोन बल्बसाठी आहे, २१ वॅटचा बल्ब बिचारा. तिने फक्त रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ओढायचा, रिलेच्या कॉइलला दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास लागतात. चार पिनांचा हिशोब: ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ ला दिवा, ८६ ला रिव्हर्सचा इशारा, ८५ ला मायनस. पाच पिनांचा रिले असेल तर मधली ८७ए. तिला चुकून दिवा जोडला तर उलटं होतं, रिले बंद असताना दिवा चालू, आणि सकाळी बॅटरी रिकामी.

रिव्हर्स टाकल्यावर टक् आवाज येतो का ऐका. टक् येतो पण दिवा नाही, तर रिलेचे आतले पॉइंट जळालेत, किंवा ३० ला करंटच येत नाही. आवाजच नाही तर इशारा किंवा कॉइलचा मायनस बघा. हॉर्नचा रिले त्याच नमुन्याचा असेल तर काढून इथे लावून बघा, फुकटात निकाल लागतो. रिलेचं तोंड खाली ठेवा म्हणजे पिनांत पाणी साचत नाही.

कॅमेरा आपोआप उघडण्याचं कोडं: रिव्हर्सची वायर आणि हाताच्या बटणाची वायर, दोन्ही ८६ ला एकत्र जोडल्या की बटणाचा करंट उलटा रिव्हर्सच्या वायरीत शिरतो, गाडीला वाटतं रिव्हर्स पडलाय. दोन्ही वायरींत एक-एक ४००७ नंबरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) घाला, पट्टी असलेलं टोक रिलेकडे. काही रुपयांची वस्तू.

काजव्यासारखा उजेड राहतो तो बहुतेक आतून दिवा असलेल्या बटणामुळे, त्या छोट्या दिव्याचा काही मिलिअँपिअर करंट तुमच्या एलईडीमधून घरी जातो आणि एलईडीला दिसायला तेवढा पुरतो. बटण दिव्यावर न ठेवता रिलेवर घेतलं आणि बटणाला स्वतःचा मायनस दिला की बंद. नवीन गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्युल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) बल्ब शाबूत आहे का हे बघायला बारीक ठोके पाठवतं, त्यानेही असं होतं किंवा रिले थरथरतो. तो मामला पुढे सांगतो.

हे पण याच जागी सांगायला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०८ मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिवा दाखवायला मनाई करतो, रिव्हर्स घेताना पांढरा आणि नंबरप्लेटचा वगैरे अपवाद आहेत. तेव्हा रस्त्यावर हाताचं बटण बंद. घाटात मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत तुमचा हा मागचा झगझगीत दिवा मारला तर काय होईल ते सांगायची गरज नाही. डॅशबोर्डवर डोळ्यांसमोर एक लाल पायलट दिवा लावा, मागचे चालू आहेत हे कळायला. मी तो लावल्याशिवाय कोणाची गाडी परत देत नाही.

पाणी आणि खरखर

काचेत सकाळी हलकी वाफ दिसली आणि दिवा लावल्यावर दहा मिनिटांत गेली तर घाबरू नका, दिव्याला श्वास घ्यायला बारीक भोक असतं. थेंब साचले, पाणी डुचमळलं, तर सील गेलं. दिव्यावर लिहिलेलं आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पाणी आत जाणार नाही, पण ती चाचणी थंड दिव्यावर असते. आपण तापलेला दिवा ओढ्याच्या थंड पाण्यात घालतो, आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. ओढ्यात उतरायच्या आधी पाच मिनिटं दिवा बंद ठेवा. दुसरी वाट म्हणजे वायर: कपलर पाण्यात बुडाला की तांब्याच्या तारांमधून पाणी वातीसारखं चढत दिव्यात पोचतं. कपलर शक्य तेवढा उंचावर घ्या, आणि दिव्यापाशी वायरीला खाली एक वेटोळं ठेवा म्हणजे वरून ओघळणारं पाणी तिथून गळून जाईल. दिवा उघडून सिलिकॉन भरून मी बघितलंय, फार टिकत नाही. तो बदलाच.

एफएमची खरखर आणि कॅमेऱ्यावरच्या रेघा स्वस्त ड्रायव्हरमुळे. दिव्याची वायर कॅमेऱ्याच्या वायरीपासून वेगळी न्या, दिव्याजवळ क्लिपचा फेराइट (खरखर अडवायला वायरीभोवती बसवायचा तुकडा) लावा. तरी थांबलं नाही तर दिवाच तसा आहे.

कुठे हात काढायचा

बरोबर आकड्याचा फ्यूज बदलला आणि तोही गेला, तर तिसरा टाकू नका. वायर हाताला गरम लागते, जळका वास येतो, फ्यूजबॉक्स वितळलाय: बॅटरीचा मायनस काढा आणि गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. मागे काम केल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा, एबीएसचा किंवा इंजिनचा दिवा लागला तर सर्व्हिस सेंटर. पिवळ्या स्लीव्हच्या वायरींना हात लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या. गाडी वॉरंटीत आहे आणि रिव्हर्सचा इशारा बॉडी कंट्रोल मॉड्युलमधून येतो, तिथे वायर कापू नका, गाडीच्या मॉडेलप्रमाणे येणारा तयार कपलरचा हार्नेस (वायरींचा संच) जाणकाराकडून बसवून घ्या. डिझेलच्या टाकीजवळ किंवा ब्रेकच्या पाइपजवळ भोक पाडायचं असेल तर ते घरी नको. इंजिन चालू असताना बॅटरीवर सव्वातेराच्या खाली किंवा पंधराच्या वर आकडा येत असेल तर दोष दिव्यात नाहीच, अल्टरनेटर दाखवा.

इलेक्ट्रिशियनकडे गेलात तर "लाईट फडफडते" एवढंच सांगू नका. दिवा चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट, दिव्यावर किती, मायनस ते मायनस किती, ब्रेक दाबल्यावर किती, हे चार आकडे कागदावर लिहून न्या, आणि अर्थिंग कुठे जोडलंय त्याचा फोटो. आणि गाडी ताब्यात घेताना ब्रेक दाबून, इंडिकेटर देऊन, मागचं दार उघडझाप करून, तिथेच बघून घ्या.